माझ्यापुढचा ग्लास

शनिवार, २१ जानेवारी

सकाळी दोन इमारतींच्या लिफ्ट तपासल्या. पहिलीतली लिफ्ट ठीक. दुसरीतल्या लिफ्टचा ब्रेक उशिरा धरतो — बंद करायला लावली. तिथला सचिव पाठीमागे लागला, "साहेब, वरच्या मजल्यांवर सगळी म्हातारी माणसं आहेत हो!" मी म्हटलं, म्हणूनच. जेवायला घरी आलो. दुपारी मेहुणी आली, हिचे कपडे न्यायला.

ही जाऊन आज अकरा आठवडे झाले.

मेहुणीने नेमकं खालचं कपाट उघडलं. बाटल्या दिसल्या. सात. ती तशीच उकिडवी बसून राहिली. मग म्हणाली, "भाऊजी, अजून? ताई गेली तरी?" मी पिशव्या पुढे केल्या. "सव्वीस वर्षं ताईने तुमच्याबद्दल तोंडातून शब्द काढला नाही. तिच्या जागी मी असते ना—" वाक्य तिथेच सोडलं. दोन पिशव्या भरल्या. लिफ्टपर्यंत सोडायला गेलो, तर ती जिन्याने उतरून गेली.

इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे सांगितलेलं नाही. मी आयुष्यात दारूचा एक थेंब घेतलेला नाही. बाटल्या हिच्या आहेत.

रविवार, २२ जानेवारी

काल अर्धवट लिहिलं. पूर्ण करतो.

ही साबणाच्या कारखान्यात होती, सुगंध विभागात. कागदाच्या बारीक पट्ट्या बुडवायच्या, हुंगायच्या, काय वाटलं ते पट्टीवरच लिहायचं — दिवसभर हेच काम. लग्नाला तीन वर्षं झाली होती तेव्हा परदेशातून एक तज्ज्ञ आला. नाकाला व्यायाम म्हणून त्याने सगळ्यांना पाच प्रकारच्या स्कॉच हुंगायला दिल्या. बाकीच्यांनी हुंगल्या. हिने चाखल्या! घरी येऊन मला म्हणाली, "अहो, एका बाटलीत अख्खं जळकं जंगल होतं!"

मग दर शनिवारी संध्याकाळी एक छोटा पेग. त्याहून जास्त कधीच नाही. मी समोर पेपर घेऊन बसायचो. मला ते पटत नव्हतं, पण बोललो नाही. न बोलण्याचा माझा स्वभाव आहे. लोक त्याला चांगुलपणा समजतात. मीही समजत होतो.

एका शनिवारी माझा थोरला भाऊ न कळवता आला. बेल वाजली आणि मी हिच्यापुढचा ग्लास उचलून माझ्यापुढे ठेवला. ठरवलं नव्हतं, हात गेला. दादा आत आला, वास घेतला. "वा! शेवटी तूही माणसात आलास म्हणायचा!" मी म्हटलं, कधीतरी घेतो. तो गेल्यावर ही पोट धरधरून हसली. "ग्लास असा धरला होतात, जसा काही लघवी तपासायला द्यायचाय!"

तेव्हापासून ती रीतच पडली. बेल वाजली की ग्लास माझ्याकडे सरकायचा. हिच्या हातात पेपरमिंटची गोळी. पुढे पुढे ती हसायची नाही. ते माझ्या लक्षात आलं होतं.

शनिवार, २८ जानेवारी

आज घेतली. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी.

कारण असं काही नाही. बाजारात दादाचा व्याही भेटला, हात धरून म्हणाला, "आता तरी कमी करा." मी मान हलवली. घरी येताना वाटलं, इतकी बदनामी आहेच, तर कशासाठी आहे ते तरी बघावं.

एक घोट एकदम घेतला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. खोकला थांबेना. यात जंगल कुठलं? नुसती आग.

रविवार, २९ जानेवारी

दिवसभर घशात खवखव. बोलायला कोणी नव्हतं, म्हणून काही अडलं नाही.

शनिवार, ४ फेब्रुवारी

बाटल्या टेबलावर मांडल्या. सातांपैकी सहांच्या मागे हिच्या पट्ट्या चिकटवलेल्या आहेत. पेन्सिलीने, बारीक अक्षरात. इतकी वर्षं घरात होत्या, मी एकही वाचली नव्हती! उतरवून घेतो:

"साधी, सोपी. कोणालाही चालेल."
"मनुका, चामड्याचा पट्टा, बंद खोली."
"मध. पण खोटा."
"ओलं गवत. घाईत असलेलं माणूस."
"यांचे दादा सिगरेट ओढून गेल्यावरची बैठकीची खोली."
"जळकं लाकूड, दोरखंड, दवाखाना. काय भयंकर! पुन्हा घेतली."

ही शेवटची स्कॉटलंडमधल्या आयला नावाच्या बेटावरची. सातव्या बाटलीचं सील फोडलेलंच नाही, पट्टीही नाही. ती मागे ठेवली.

ही ग्लास नाकाशी धरायची तेव्हा तोंड किंचित उघडं ठेवायची. मला ते बावळटासारखं दिसायचं. आज तसं करून पाहिलं. आग कमी लागते! मग हिच्या ड्रॉपरने चार थेंब पाणी घातलं, तीही तसंच घालायची. थांबलो. मनुका आल्या. खरंच आल्या. चामडं नाही सापडलं.

शनिवार, ११ फेब्रुवारी

बेटावरची घेतली. भयंकर हा शब्द बरोबर आहे. फिनेलने पुसलेल्या वॉर्डासारखी. ग्लास बाजूला ठेवला, पेपर वाचला. अर्ध्या तासाने पुन्हा नाकाशी नेला आणि एकदम ओळखीचं काहीतरी आलं. मशीनरूम! लिफ्टची, गच्चीवरची. ग्रीस, तापलेला दोर, धूळ. तेहेतीस वर्षं रोज तिथे जातो मी.

ही दर शनिवारी ग्लास पुढे करून विचारायची, "सांगा ना, कशाचा वास येतोय?" मी म्हणायचो, दारूचा.

सांगता आलं असतं की. एवढं अवघड नव्हतं.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

मेहुणीचा फोन. सासूबाईंची तब्येत नरम आहे. "तुम्हाला कळवायचं म्हणून कळवलं."

सासूबाईंचं लिहायला हवं. टाळतोय.

सासरे पीत. त्यात नोकरी गेली, मग ते गेले. सासूबाईंनी शिवणकाम करून दोन्ही मुली वाढवल्या. त्या आमच्याकडे यायच्या तेव्हा दोन-तीनदा ग्लास माझ्यापुढे दिसला. तिसऱ्या वेळी पायात चपला घातल्या आणि दारातून म्हणाल्या, "एक बेवडा भोगला. दुसऱ्याच्या घरचं पाणी पिणार नाही." नऊ वर्षं झाली त्याला. परत पाऊल टाकलं नाही. ही महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जाऊन यायची. शेवटच्या आजारातसुद्धा भेट झाली ती हॉस्पिटलात, आमच्या घरात नाही.

त्या दिवशी ही म्हणाली होती, "मी सांगते आईला. माझा आहे म्हणून." मी म्हटलं, "नको. तुझं कळलं तर त्या खचतील. माझं काय, मी परका. मला काय बोलायचं ते बोलू देत." तिने अजून दोनदा विचारलं. दोन्हीदा मी तेच सांगितलं.

आपण तिच्यासाठी काहीतरी सोसतोय असं मला वाटायचं. बरं वाटायचं त्यात. तिची आई तिच्या घरी यायची बंद झाली, हे मात्र माझ्या हिशेबात कधी आलं नाही.

रविवार, १९ फेब्रुवारी

सासूबाईंना सांगून आलो.

खिडकीपाशी शाल गुंडाळून बसल्या होत्या. आता बऱ्या आहेत. मेहुणीने दार उघडलं आणि आत निघून गेली, चहा विचारला नाही. ती आंघोळीला गेल्यावर मी बोलायला लागलो. वाक्यं ठरवून गेलो होतो, सगळी विसरलो. म्हटलं, "आई, तो ग्लास माझा नव्हता. तिचा होता. मी पुढे ओढायचो."

 बाहेर कोणीतरी गाडी धूत होतं.

"शुद्ध जायची तिची?"
"कधीच नाही. आठवड्याला एकच छोटा पेग."
"रडायची?"
"नाही. हसायची. मग कागदावर काहीतरी लिहायची."
"म्हणजे बापासारखी नव्हती."
"नाही आई."

मग माझ्याकडे वळून बघितलं. "नऊ वर्षं मी लेकीच्या घरी आले नाही. तुमच्यामुळे."
"हो."
"आणि शेवटी ते तुमच्यामुळेच निघालं, फक्त दारूमुळे नाही."

मी मान खाली घातली. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शालीचा काठ सारखा करत म्हणाल्या, "कुठली आवडायची तिला?"

मला सांगता आलं नाही.

"सव्वीस वर्षं ग्लास पुढे धरून बसलात जावईबापू, आणि एकदा विचारलं नाहीत?"

मेहुणी बाहेर आली.  मी निघताना सासूबाई हळूच म्हणाल्या, "हिला अजून सांगू नका. आधी मला उत्तर आणून द्या."

सोमवार, २० फेब्रुवारी

उत्तर आणून द्यायचं आहे. या घरात तेवढं एकच काम उरलंय.

बुधवार, २२ फेब्रुवारी

ऑफिसची स्टीलची पट्टी घरी आणली. फोडलेल्या सहाही बाटल्यांची पातळी मोजली. जी जास्त उतरली ती जास्त आवडती, सरळ आहे. सगळ्यात कमी उरलीय ती "साधी, सोपी". बेटावरची अर्ध्याच्या वर आहे.

उत्तर मिळालं. पण पटलं नाही. जळक्या जंगलाने वेड लागलेली बाई "साधी, सोपी" का पिईल?

शनिवार, २५ फेब्रुवारी

दारूच्या दुकानात गेलो. जन्मात पहिल्यांदा. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला दुकानदार. हिचं वर्णन केलं तर लगेच ओळखलं! "त्या नाकवाल्या बाई? बुचाचा वास घेतल्याशिवाय गप्पा संपायच्या नाहीत त्यांच्या. बरेच दिवसांत आल्या नाहीत?"

सांगितलं. त्याने चष्मा काढून काउंटरवर ठेवला. थोड्या वेळाने म्हणाला, "मिस्टरांना चव नाही म्हणायच्या. तुम्हीच का ते?"

त्याला विचारलं, बाटली घरात किती वर्षं टिकते. म्हणाला, बंद असेल तर आहे तशीच राहते, वर्षानुवर्षं. काचेत ती म्हातारी होत नाही. पण एकदा फोडली की हवा आत जाते, हळूहळू बदलते. "अर्धी बाटली वर्ष-दोन वर्षं ठेवलीत, तर पहिल्या दिवशीची ती नव्हेच."

म्हणजे मी जी चाखतोय ती हिने चाखलेली नाहीच. नाव तेच, पट्टी तीच. बरोबर बसून घ्यायला हवी होती.

शनिवार, ४ मार्च

सहाही थोड्या थोड्या, मोठ्या अंतराने. "खोटा मध" म्हणजे काय ते कळलं आणि एकट्यानेच हसलो. दादाची सिगरेट तर इतकी अचूक आहे की खिडकी उघडावीशी वाटली. मला स्वतःला विचाराल तर बेटावरची. तीन आठवड्यांपूर्वी फिनेल म्हणालो होतो तीच. आता शुक्रवारपासून तिची आठवण होते. मनुकावाली दुसरी. बाकीच्या असल्या काय, नसल्या काय.

हे कोणाला सांगायचं? मला आवड लागली, हे ऐकायला सगळ्यात जास्त जिला आवडलं असतं—

राहू दे.

रविवार, ५ मार्च

हिच्या कारखान्यातल्या मैत्रिणीकडे गेलो. शेजारच्या टेबलावर बसायची. मोठ्याने बोलते, मला पहिल्यापासून "लिफ्टवाले" म्हणते.

"या लिफ्टवाले! जिन्याने आलात ना? आमची लिफ्ट तुम्हीच बंद केलीत."

आवडत्या बाटलीचं विचारलं. पातळी मोजली हेही सांगितलं. ती हसतच सुटली. "अहो, ती साधी-सोपी ती माझ्यासाठी आणायची! मला त्या धुरकट झेपायच्या नाहीत. पर्समध्ये छोट्या बाटलीत भरून आणायची. निम्मी तर माझ्या पोटात आहे!"

मग तिला कुठली?

"आवडती दर वर्षी बदलायची तिची. त्यातच मजा होती म्हणायची. शेवटची दोन वर्षं मात्र ती बेटावरची. पुरवून पुरवून घ्यायची, म्हणून भरलेली दिसतेय तुम्हाला. म्हणायची, यात आमच्या यांच्या शर्टाचा वास येतो."

मी खाली बघत बसलो. तिला वाटलं मी रागावलो.

उठता उठता न फोडलेल्या सातव्या बाटलीचं विचारलं. ती एकदम हळू बोलायला लागली. "ती नाही फोडलीत अजून? ती तुमची आहे. तिची आई यायची बंद झाली, त्या वर्षी घेतलेली. पाच-सहा ठिकाणी हुंगून निवडली होती. धूर नको, तिखट नको, यांना पहिल्या घोटाला आवडली पाहिजे. म्हणाली, हा माणूस ज्या दिवशी आपणहून 'मलाही दे' म्हणेल ना, त्या दिवशी फोडीन."

शनिवार, ११ मार्च

फोडली नाही.

सासूबाईंना फोन केला. "आई, बेटावरची. धुराच्या वासाची." शर्टाचं नाही सांगितलं. पलीकडून म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी येते."

शनिवार, १८ मार्च

आल्या. नऊ वर्षांनी. मेहुणी खालीच सोडून गेली, वर यायला तयार नव्हती. तासाभराने न्यायला येते म्हणाली.

लिफ्टमध्ये सासूबाईंनी विचारलं, "ही तपासलीय ना?" मी म्हटलं, मीच तपासली. "मग देवाचं नाव घेते."

घरभर फिरल्या. प्रत्येक खोलीच्या दारात थोडं थांबल्या. मग बैठकीच्या खोलीत येऊन, "कुठे बसायची?" मी खुर्ची दाखवली. त्या तिच्यातच बसल्या. "आणा."

"आई, खरंच?"

"ब्याऐंशी वर्षांची आहे. बिघडायची भीती तुम्हाला आहे का मला?"

अगदी तळाला पुरेल एवढी ओतली. पाण्याचे थेंब घातले. तोंड थोडं उघडं ठेवून हुंगायला सांगितलं. त्यांनी हुंगली, एक थेंब जिभेला लावला, तोंड वेडंवाकडं केलं. "शी! हे काय, दवाखाना!" मी पट्टी वाचून दाखवली. दवाखाना हा शब्द आला तशा थांबल्या. "तिने लिहिलंय? हाच शब्द?" पट्टी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली. "लहानपणी तिला गोवर झाला होता तेव्हा दहा दिवस होतो दवाखान्यात, आम्ही दोघीच. तिचा बाप यायचा नाही तिथे. फार खुशीत असायची." मग अजून एक थेंब घेतला. या वेळी तोंड वाकडं केलं नाही.

बेल वाजली.

माझा हात गेला. खरंच सांगतो, मला कळायच्या आत गेला. त्यांच्यापुढचा ग्लास अर्धा माझ्याकडे आलासुद्धा होता. सासूबाईंनी बघितलं. आधी हाताकडे, मग माझ्याकडे.

"असं करायचात होय," म्हणाल्या.

मग माझ्या हातावर हात ठेवून ग्लास परत स्वतःकडे ओढला. "राहू द्या. माझा आहे. जा, दार उघडा."

मेहुणी दारातच थबकली. आईकडे बघते, ग्लासाकडे बघते, माझ्याकडे बघते. "भाऊजी! आईलासुद्धा?" सासूबाई म्हणाल्या, "तोंड मीट आणि बस इथे. तुझ्या ताईचं सांगायचंय. ते शर्टबिर्ट हे सांगतील, त्यांनाही लाज वाटू दे थोडी."

मी शर्टाचं त्यांना सांगितलंच नव्हतं. मैत्रिणीने फोन केला असणार.

दीड तास बसल्या दोघी. मेहुणी खूप रडली. जाताना म्हणाली, "भाऊजी, तुम्ही एकदा तरी बोलायचं." तिने माफी मागितली नाही, मीही मागितली नाही. लिफ्टने गेली.

हा प्रसंग नऊ वर्षांपूर्वी याच खोलीत होऊ शकला असता. तीन माणसं तीच. चौथी असती.

शनिवार, २५ मार्च

संध्याकाळी सातवी बाटली पुढे घेतली. "मलाही दे," म्हणालो. मोठ्याने म्हणालो. मग फोडली.

सफरचंद. नवी कोरी वही. जराही आग नाही. चार थेंब पाणी, मग आणखी दोन. पुन्हा पुन्हा हुंगली, दोनदा घोट घेतला. गोड आहे. चांगली आहे.

मला नाही आवडली. मला आता तिची आवडते.

हिच्या पट्ट्यांतली एक कोरी घेतली, पेन्सिलीने लिहिलं: "नऊ वर्षांपूर्वी आवडली असती." बाटलीमागे चिकटवली. ग्लास धुतला, पुसला, उपडा घातला.